‘माजी सैनिक’ आणि त्यापुढचं ‘समांतर’

प्रश्न असा आहे: जिल्हा परिषद, महानगरपालिका यांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘माजी सैनिक (समांतर आरक्षण)’ असं छापलेलं असतं. तिथे ‘निवृत्त सैनिक’ का नाही? ‘समांतर’ म्हणजे नेमकं काय? आणि याला ‘प्राधान्य’ म्हटलं तर चालेल का?

‘माजी’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ‘होऊन गेलेला’. मराठीनं त्याला ‘आज’वरून ‘आजी’ हा जोडीदार दिला आणि ‘आजी-माजी सैनिक’ हा सुरेख प्रयोग रूढ झाला. ‘निवृत्त’ मात्र इथे अपुरा पडतो. सेवेत जखमी होऊन वैद्यकीय कारणानं घरी परतलेला जवान ‘निवृत्त झाला’ असं आपण म्हणत नाही, पण नियमाच्या व्याख्येत तो माजी सैनिकच असतो. उलट, पेन्शन लागू होण्याआधी स्वतःहून नोकरी सोडून आलेल्याला गाव माजी सैनिक म्हणतं, तरी त्या व्याख्येत तो सहसा बसत नाही. सीमा सुरक्षा दलातून आलेला जवानही नाही, कारण व्याख्या फक्त भूदल, नौदल आणि वायुदलापुरती आहे. अर्ज भरणाऱ्यानं हे आधीच पाहून घ्यावं.

माझी खरी तक्रार आहे ती ‘समांतर’बद्दल. शाळेत आपण शिकलो की समांतर रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. हे आरक्षण तर छेदण्यासाठीच आहे! सामाजिक प्रवर्गांचं आरक्षण उभं आणि महिला, खेळाडू, माजी सैनिक यांचं आडवं, ही मांडणी सर्वोच्च न्यायालयाच्या 1992च्या इंद्रा साहनी निकालात स्पष्ट झाली. हिंदीनं त्यासाठी ‘क्षैतिज’ घेतलं, आपल्या शासन निर्णयांनी ‘समांतर’. त्यामुळे गट क आणि गट ड मधल्या पदांवर माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण म्हटलं की अनेक उमेदवारांना वाटतं, एकूण जागांतून 15 टक्क्यांचा एक वेगळा गठ्ठा बाजूला काढलाय. तसं नसतं. जाहिरातीतला तक्ता नीट पाहा. अनुसूचित जाती, इतर मागास वर्ग, खुला अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत माजी सैनिकांच्या जागा दाखवलेल्या असतात. इतर मागास वर्गातला माजी सैनिक या आरक्षणातून निवडला गेला तर ती जागा इतर मागास वर्गाच्याच खात्यात मोजली जाते. मागावर जसे उभ्या धाग्यांतून आडवे धागे जातात, तसंच हे. ‘आडवं आरक्षण’ असं सरळ म्हटलं असतं तर निम्मे गैरसमज झालेच नसते. अजूनही म्हणता येईल, निदान समजावून सांगताना तरी.

‘प्राधान्य’ मात्र इथे नको. आरक्षणात जागा राखून ठेवलेली असते. प्राधान्यात जागा सगळ्यांना खुली असते, फक्त रांगेत पुढे सरकायला मिळतं. अमेरिकेच्या संघीय नोकरभरतीत पात्र माजी सैनिकांच्या परीक्षेतल्या गुणांत 5 किंवा 10 गुण मिळवण्याची पद्धत आहे, ते खरं प्राधान्य. त्याची बातमी देताना ‘अमेरिकेत माजी सैनिकांना आरक्षण’ असा मथळा दिला तर तो चुकीचा ठरेल, आणि आपल्याकडच्या 15 टक्क्यांना ‘प्राधान्य’ म्हटलं तर उमेदवाराचा हक्क शब्दातच कमी होतो.