इंग्लंडमधल्या स्टोरपोर्टच्या नागरी संस्थेत, म्हणजे गावाचा जुना वारसा जपणाऱ्या स्थानिक गटात, नव्याने आलात, तर

पहिले दोन-तीन महिने बैठकीत फार बोलू नका, चाला. सेव्हर्न नदीच्या काठावरून कालव्याच्या गोद्यांपर्यंत. नदीतून वर येणारे रुंद लॉक (पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली नेणारे, दारं असलेले कप्पे) आणि शेजारचे अरुंद लॉक, दोन्ही नीट पाहा. नदीवरच्या मोठ्या होड्या आणि कालव्यातल्या जेमतेम सात फूट रुंदीच्या होड्या इथे भेटत, माल इकडून तिकडे चढे. जेम्स ब्रिंडलीने आखलेला हा कालवा 1772 मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्यामुळेच हे गाव वसलं. त्याआधी इथे लोअर मिटन नावाची छोटी वस्ती होती. हे एकदा पायांना कळलं की कुठली भिंत का वाचवायची, हे कुणी सांगावं लागत नाही.

मग बांधकाम परवानगीचे अर्ज. हरकतीला साधारण 21 दिवस मिळतात, म्हणून दर आठवड्याची यादी बघाच. पत्रात ‘कुरूप दिसेल’ एवढंच लिहू नका. विटेचा रंग, छपराचा उतार, खिडकीची चौकट, गोदीकडून दिसणारं दृश्य, असं नेमकं लिहा. घराची किंमत उतरेल हा मुद्दा तिथे चालत नाही. संवर्धन क्षेत्रातलं, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागातलं, झाड तोडायलाही सहा आठवड्यांची पूर्वसूचना लागते, हे बऱ्याच घरमालकांना ठाऊक नसतं. त्यांना आधी प्रेमाने सांगा, तक्रार नंतर.

आणि जुने फोटो मागताना म्हाताऱ्या माणसांकडे घाईने जाऊ नका. चहा घ्या, बसा. फोटोतल्या माणसांची नावं तिथेच पेन्सिलीने मागे लिहून घ्या.