मुलांची डोकेदुखी : कारणाचा शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीचे सहा महिन्यांपासून दर आठवड्याला कपाळ दुखते, उलटी होते आणि झोपून उठल्यावर बरे वाटते. चष्मा लावूनही फरक नाही. एमआरआय करावा का?

उत्तर : हे वर्णन अर्धशिशीशी जुळते. मुलांमध्ये अर्धशिशीचे दुखणे बहुधा एका बाजूला नसून दोन्हीकडे, कपाळावर असते आणि दोन तासांतही ओसरते, त्यामुळे घरोघरी त्याचे खापर चष्म्यावर, सायनसवर किंवा पित्तावर फुटते. आई, मावशी किंवा आजी यांना 'पित्ताने' डोके दुखण्याचा त्रास होता का, हे जरूर आठवून पाहा, कारण अर्धशिशी अनेकदा कुटुंबात चालत आलेली असते. बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब, चाल, तोल आणि डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्या. पडद्याची ही तपासणी चष्म्याच्या नंबराच्या तपासणीहून वेगळी आहे. हे सारे निर्दोष असेल, तर एमआरआयची गरज सहसा पडत नाही. महिनाभर एका वहीत दुखण्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली न्याहारी, पाणी, परीक्षा आणि दिलेली गोळी यांची नोंद ठेवा. माझ्या मते निदानाला या वहीइतका उपयोग क्वचितच कशाचा होतो.

प्रश्न : ५ वर्षांचा मुलगा पंधरा दिवसांपासून पहाटे डोके धरून उठतो, उलटी करतो आणि चालताना झोकांड्या खातो. थोडे दिवस वाट पाहावी का?

उत्तर : अजिबात नाही. या पालकांना स्वतंत्रपणे तातडीने कळवले आहे. येथे इतरांसाठी लिहितो. पहाटे झोपमोड करणारे, खोकताना वा वाकताना वाढणारे, आठवड्यागणिक तीव्र होणारे दुखणे किंवा त्यासोबत तोल जाणे, तिरळेपणा, एकाच्या दोन वस्तू दिसणे, झटके यांपैकी काहीही आढळल्यास मेंदूवरील दाब वाढल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे स्कॅन हवाच.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलाला जवळजवळ रोज मेडिकलमधून आणलेली गोळी द्यावी लागते. कायमचे औषध आहे का?

उत्तर : तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. वेदनाशामक आठवड्यात दोन दिवसांपलीकडे जाऊ नये, मात्रा वजनानुसार डॉक्टरांनी ठरवावी आणि ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये. रोजच्या प्रतिबंधक औषधांबद्दलही अवास्तव आशा नको : अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या अर्धशिशीग्रस्त मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट ही औषधे औषधविरहित गोळीहून सरस ठरली नाहीत, तरीही तिन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले. मुलाची शाळा, मित्र आणि झोप यांविषयी त्याच्याशी एकट्याने, न रागावता बोला, आणि गोळ्या कशा कमी करायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिले काही दिवस दुखणे वाढू शकते, याची त्याला आधीच कल्पना द्या.