सूर्यास्ताचा फोटो काढताना आकाश पांढरं पडतं, नाहीतर समोरचं सगळं काळं होतं. कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवू?

डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे आणि ऑटोवर काढलं की असं होतं, असं तुम्ही लिहिलंय. नवी लेन्स घ्यायला धावू नका, तिचा काही दोष नाही. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला समोरचं सगळं मध्यम उजेडाचं करायचं एवढंच ठाऊक. वाळू जास्त दिसली की तो वाळूसाठी उजेड वाढवतो आणि आकाश हातचं जातं. सूर्य मधोमध आला की उलटं. तेव्हा उजेड कुठला मोजायचा, ते तुम्हीच ठरवायचं.

मी सूर्याच्या शेजारचं आकाश मोजतो. मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपण ठरवायचे), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता १००, लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर राहील असा कॅमेरा वळवायचा, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर शून्यावर येईपर्यंत शटरचा वेग बदलायचा आणि मग हवी ती चौकट धरून त्याच आकड्यांवर फोटो काढायचा. जमीन काळी होईल, होऊ द्या. होडी, सुरूची झाडं, जाळं ओढणारी माणसं काळीच छान दिसतात. घरच्यांचे चेहरे हवेच असतील तर थोडा फ्लॅश मारा, किंवा त्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करा आणि सूर्याचा नाद सोडा. मॅन्युअल नको वाटत असेल तर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) एफ/८ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एक. बहुतेक वेळा भागतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला रंगाचा तोल, मात्र ऑटोवर ठेवू नका. आपण ज्या केशरी रंगासाठी तिथे गेलो, तोच कॅमेऱ्याला दोष वाटतो आणि तो इमानेइतबारे धुऊन काढतो. डेलाइट ठेवा, आणखी लालसर हवं तर क्लाउडी. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलंत तर हे घरी येऊनही बदलता येतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड किती ते दाखवणारा आलेख) बघताना नुसता पांढरा बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा बघा. सूर्यास्ताला लाल आधी उजव्या भिंतीला जाऊन आपटतो, पांढरा तोवर निवांत दिसत असतो. केशरीचा भडक पिवळा होतो तो यामुळे. तसं दिसलं की शटर एक-दोन टप्पे वेगवान करा.

आता आकडे. गुहागरच्या किनाऱ्यावर डिसेंबरात मी वहीत टिपलेले, आयएसओ १०० आणि एफ/८ला: सूर्य वितभर वर असताना शटर १/२५० सेकंद, पाण्याला टेकताना १/६०, बुडाल्यावर पंधरा मिनिटांनी १/८, आणखी दहा मिनिटांनी दीड-दोन सेकंद. तुमचे वेगळे येतील, पण उतरण कशी आहे ते बघा. सूर्याची कड पाण्याला लागल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात मेनू उघडून बसलात तर संपलं. मी एकदा आदल्या रात्रीच्या आरतीचा आयएसओ ३२०० तसाच ठेवून अख्खी संध्याकाळ काढली होती. घरी येऊन बघतो तर आकाशात रवा सांडल्यासारखे दाणे!

सूर्य बुडाला की लोक कपडे झटकून निघतात. तुम्ही थांबा. ढग असतील तर खरा रंग पुढच्या दहा-वीस मिनिटांत चढतो. इथून ट्रायपॉड लागेल. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा.

कोकणात जाणार असाल तर तिथी बघून जा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा जुना हिशोब. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या सुमारास, नेमकी सूर्यास्ताला. ओली, सपाट वाळू आरशासारखी पडलेली असते. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणा, आकाश दोनदा मिळेल. अष्टमीला त्याच वेळी भरतीचं पाणी वर आलेलं असतं.

सूर्योदयाला आकडे तेच, फक्त उलट्या क्रमाने. अडचण अंधारात फोकस करण्याची. ऑटोफोकस घुटमळतो, म्हणून लांबच्या एखाद्या दिव्यावर फोकस धरून मग फोकस मॅन्युअल करून टाका. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढलात की काचेवर वाफ धरते. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा, बॅग न उघडता.

सूर्य वर असताना व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे रोखून बघू नका, मागच्या स्क्रीनवर बघा. शिवाय १८-५५ला सूर्य टिकलीएवढाच येणार. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, त्याचा व्यास फोकल लेंग्थच्या (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) साधारण एकशेदहावा भाग असतो, म्हणजे ५५ला अर्धा मिलिमीटर. मोठं तांबडं बिंब हवं असेल तर २०० किंवा ३००ची लेन्स कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा.