बजेट बेताचं आहे, पण गाडी स्पोर्टी आणि मॅन्युअलच हवी. जुन्यात कोणती घ्यावी?

तुम्ही तीन नावं दिली आहेत: माझ्दा एमएक्स-५ (म्हणजे मियाटा), फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि बीएमडब्ल्यूची सहा सिलिंडरची जुनी ई४६ कूपे (म्हणजे ३ सिरीजच्या एका जुन्या पिढीची दोन दारांची गाडी). अटी अशा की रोज कामावर जायलाही हीच गाडी, घरात दुसरी नाही, आणि घेतल्यानंतर हातात फार पैसे उरणार नाहीत.

शेवटची अट वाचली आणि बीएमडब्ल्यूवर काट मारली. गाडी वाईट आहे म्हणून नाही. ते सरळ सहा सिलिंडरचं इंजिन ज्या मखमली तऱ्हेने वर चढतं, त्याला तोड नाही. पण त्या गाडीची कूलिंग सिस्टीम बरीचशी प्लॅस्टिकची आहे. कूलंटची टाकी, रेडिएटरची नळी जोडतात तो भाग, सगळं वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं. चालवणाऱ्याने तापमानाच्या काट्याकडे लक्ष दिलं नाही तर इंजिनचं हेड वाकतं. शिवाय मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट, जिथे बसते तिथे खालच्या पत्र्याला चिरा जातात. ते काम गाडी उचलून, मागचं सगळं उतरवून, वेल्डिंग करून करावं लागतं. अशा गाड्या स्वस्त का मिळतात, याचं उत्तर इथेच आहे. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, पण पार्टची आणि मजुरीची उतरत नाही. ज्याच्याकडे दुसरी गाडी आणि थोडी गंगाजळी आहे, त्याने जरूर घ्यावी.

जीटीआयचं तसं नाही. पाच माणसं बसतात, सामान मावतं, रोजच्या कामाला ती तुमच्या यादीत सगळ्यात सोयीची. फक्त नेमकं कुठलं इंजिन आहे ते पाहा. पाचव्या पिढीच्या सुरुवातीच्या २.० टर्बोमध्ये पेट्रोलचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि दोघांच्या मध्ये वाटीसारखा एक छोटा तुकडा असतो, कॅम फॉलोअर. तो झिजतो. वेळेवर बदलला तर किरकोळ काम आहे, हाताला सवय असेल तर तासाभरात उरकतं. नाही बदलला तर वाटीला भोक पडतं, मग कॅमशाफ्ट आणि पंप दोन्हीवर संक्रांत. म्हणून विकणाऱ्याला सहज विचारा, ‘कॅम फॉलोअर शेवटचा कधी बदललात?’ तारीख आणि किलोमीटर सांगितले तर चहूबाजूंनी जपलेली गाडी समजा. ‘तो काय असतो?’ असं विचारलं तर तेही उत्तरच झालं. त्यानंतर आलेल्या साखळीवाल्या इंजिनांत हा प्रकार नाही, पण सुरुवातीच्या काही वर्षांत टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती साखळी ताणून धरणारा भाग, दगा द्यायचा. तिथे तोच प्रश्न टेन्शनरबद्दल विचारा.

मियाटाबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही, आधीच सांगतो. १९८९मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत १.६ लिटरचं इंजिन होतं, जेमतेम ११५ हॉर्सपॉवरचं. कागदावर हसू येतं. पण गाडीचं वजन हजार किलोच्या आत आणि ताकद मागच्या चाकांना. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण वर नेऊन तिसरा टाकायचा, हे तिच्यात रोज करता येतं आणि तरी वेग कायद्यात राहतो. तीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीत तेच केलंत तर लायसन्स जाईल. स्पोर्टी गाडी शोधणारे नव्वद टक्के लोक आकडा बघतात आणि मग तो आकडा कधी वापरायलाच मिळत नाही. टोयोटाने २०१२मध्ये ८६ ही गाडी आणली, तेव्हा तिला प्रियस या त्यांच्याच हायब्रिड गाडीच्या काही प्रकारांना मिळणारेच टायर लावले होते. लोकांनी नावं ठेवली. पण पकड कमी म्हणजे गाडी कमी वेगातच बोलायला लागते, आणि मजा त्या बोलण्यात असते.

मियाटा दहा लाखांवर विकली गेली आहे, त्यामुळे पार्टची ददात नाही. तिचा खरा शत्रू गंज. कापडी टपाच्या मागे दोन्ही बाजूंना पाणी निघून जायची छिद्रं असतात. ती कचऱ्याने बुजली की पाणी दरवाज्याखालच्या पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत असतो. मागच्या चाकाच्या पुढचा तो भाग अंगठ्याने दाबून बघा, खाली वाकून टॉर्च मारा. पण एकच गाडी आणि तीही दोन आसनांची, हे जमेल का ते तुमचं तुम्ही ठरवा. घरात तीन माणसं असतील तर महिन्याभरात कटकट सुरू होईल.

तुमच्या यादीत नसलेली दोन नावं मी जोडतो. एक, २००६ ते २०११ची होंडा सिव्हिक एसआय, टर्बो नसलेलं २.० इंजिन, आठ हजारांपर्यंत फिरणारं, आणि कंपनीनेच दिलेला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक नुसतंच फिरायला लागलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा. तिचा तिसरा गिअर आपोआप निसटतो ही तक्रार सर्वांना ठाऊक आहे, ती तपासायची कशी ते खाली लिहितो. दोन, सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, १.६ लिटरवाली. छोटी, हलकी, साधी, आणि दुरुस्तीला कुठल्याही मिस्त्रीला घाम फुटत नाही. तुमच्या अटी पाहता या दोन्हींपैकी तुमच्याकडे जी धड अवस्थेत मिळेल ती माझी पहिली पसंती. टर्बो नाही म्हणजे बिघडणाऱ्या चार गोष्टी मुळातच कमी.

आता मुख्य गोष्ट. मॅन्युअल स्पोर्टी गाडी ही बहुतेक वेळा कुणीतरी हौसेने पिदडलेली असते आणि त्या माणसाचा डावा पाय कसा होता, हे क्लच आणि गिअरबॉक्स सांगतात. मी हे पैसे घालवून शिकलो.

माझी पहिली अशी गाडी बघायला गेलो तेव्हा विकणारा ती आधीच चालू करून उभा होता. ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली,’ म्हणाला. मला कौतुक वाटलं. टेस्ट ड्राइव्ह झकास झाली, व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी काढली, पहिल्यातून दुसरा टाकला आणि खर्रर्र. दहा मिनिटांनी आवाज गायब. रोज सकाळी तेच. थंडीत गिअरबॉक्सचं ऑइल जाड असतं, झिजलेल्या सिंक्रोला (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी रिंग) गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. ऑइल गरम झालं की दोष झाकला जातो. शेवटी गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रीने जुनी पितळी रिंग एका तळहातावर आणि नवी दुसऱ्या तळहातावर ठेवली. नवीच्या आतल्या बारीक खाचांना नख अडकत होतं. जुनी घासून घासून गुळगुळीत, नाण्यासारखी. ती एवढीशी रिंग, पण तिच्यापर्यंत पोचायची मजुरी तिच्या कितीतरी पट.

म्हणून बॉनेटला आधी हात लावा. कोमट जरी लागलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड गाडीत पहिला–दुसरा–तिसरा घाई न करता टाका, मग जरा झटक्यात, मग तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरा. कुरकुर झाली की समजा. तिसऱ्यात जोर देऊन ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन काढा. दांडा उडून न्यूट्रलमध्ये आला तर ती गाडी तिथेच सोडा. सिव्हिकमध्ये हे दोनतीनदा करून बघा.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमवर, मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडतंय, काटा वर पळतोय आणि गाडी मात्र तेवढी पळत नाहीये, म्हणजे क्लच प्लेट संपली. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून काच खाली करा आणि क्लच सावकाश दाबा–सोडा. दाबल्यावर आवाज येत असेल तर क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग गेलं. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर बहुधा गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, आणि ते महागाचं दुखणं आहे.

बाकी गोष्टी कुठेही वाचायला मिळतील, त्यामुळे भराभर सांगतो. सुरू करताना निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. चारही टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकीही असंच केलं असणार. टायरवर चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र, लावा. एरर एकही नाही, पण सेल्फ-टेस्ट बऱ्याच अपूर्ण दाखवतोय, याचा अर्थ बहुधा कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

मॉडिफाय केलेली गाडी नको. खाली बसवलेलं सस्पेन्शन, मोठा सायलेन्सर, ‘स्टेज टू ट्यून’ (इंजिनची ताकद वाढवायला केलेले बदल), हे सगळं विकणारा किंमत वाढवायला सांगतो. माझ्या हिशोबात त्याने किंमत उतरायला हवी. अपवाद एकच. मूळ पार्ट खोक्यात जपून ठेवलेत आणि बिलं आहेत, तर तो माणूस व्यवस्थित आहे.

बजेटचे सगळे पैसे गाडीत घालू नका. पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यातच इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक फ्लुइड, बेल्टवालं इंजिन असेल आणि कधी बदलला याचा पुरावा नसेल तर टायमिंग बेल्ट, एवढं निघतंच. आणि इन्शुरन्सचा आकडा गाडी ठरवण्याआधी विचारून घ्या, स्पोर्टी मॉडेलला तो भलताच येऊ शकतो.

या शनिवारी जीटीआय बघायला जाणार म्हणालात. आदल्या दिवशी फोन करून विकणाऱ्याला एवढंच सांगा, मी पोचेपर्यंत गाडी चालू करू नका. काय म्हणतो ते इथे कळवा.