मुलं मावशीला छळतात आणि लोक मावशीलाच बोलतात

प्रश्न : नमस्कार ताई, माझी आई ५४ वर्षांची आहे, एका शाळेच्या बसवर मावशी म्हणून जाते. आठवी-नववीची पाच-सहा मुलं रोज तिला 'डबल सीट' म्हणतात, तिच्या डब्याची पिशवी मागे मागे पास करतात. परवा एकाने व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. तिथे लोक काय म्हणाले माहितीये? मावशींना धाकच नाही, एक ठेवून द्यायची ना, जमत नसेल तर काम सोडा. माझा भाऊ पण तेच म्हणतो. आई आता कामावर जायलाच नको म्हणते. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना मला अमेरिकेतली कॅरन क्लाइन आठवली. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ ग्रीस नावाचं गाव आहे, तिथे ती स्कूल बसवर मॉनिटर होती, म्हणजे आपली मावशीच की! वय ६८. जून २०१२ मध्ये सातवीतल्या चार पोरांनी तिला बसमध्ये जाडी, म्हातारी काय काय म्हटलं, टोचलं, ती रडली तरी थांबले नाहीत, आणि 'तुझ्या घरच्यांनी तुला कंटाळून जीव दिला' असलंही बोलले. तिच्या मुलाने दहा वर्षांपूर्वी खरंच आत्महत्या केली होती. हे सगळं बसमधल्याच एका मुलाने शूट केलं, दहा मिनिटं.

व्हिडिओ जगभर गेला. टोरांटोच्या एका तरुणाने तिला सुट्टीला पाठवायला ५,००० डॉलर जमवायचे म्हणून ऑनलाइन वर्गणी काढली तर जमले ७ लाखांच्या वर! तिने त्यातले १ लाख मुलांच्या दादागिरीविरुद्ध काम करायला दिले. पोरांना वर्षभर शाळेबाहेर काढलं, वर म्हाताऱ्या माणसांसोबत ५० तास सेवा. पण तेव्हाही म्हणणारे होतेच, की मुलं आवरणं हे तिचंच काम होतं ना, मग गप्प का बसली? म्हणजे नाशिक काय नि न्यूयॉर्क काय.

आता ते 'एक ठेवून द्यायची'. समजा आईने दिली असती ठेवून, तर त्याच ग्रुपवर दुसरा व्हिडिओ फिरला असता, 'बघा बसवाली मुलांना मारते', आणि हेच लोक शाळेत मोर्चा घेऊन गेले असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मग आईच्या हातात राहतं काय? ती नावं लिहू शकत नाही, कुणाला बसमधून उतरवू शकत नाही, घरी फोन करू शकत नाही. धाक काय ती घरून डब्यात घेऊन येणार आहे का, तो शाळेने पाठीशी उभं राहून द्यायचा असतो, आणि पोरांना बरोब्बर कळतं की हिच्या मागे कोणी नाहीये. ड्रायव्हरला 'ए' म्हणतात का बघ ती! (आणि ग्रुपवर शेरे मारणाऱ्यांत त्या मुलांचे आईबाप किती होते हे मला फार विचारावंसं वाटतंय.)

आता काम सांगते. व्हिडिओ पुढे पाठवू नकोस, मुलं अल्पवयीन आहेत, पण कॉपी जपून ठेव. आईला विचारून एका कागदावर लिही, कधीपासून, कोणती बस, काय बोलतात, ड्रायव्हरने काय पाहिलं. मुख्याध्यापकांना अर्ज दे, शाळेच्या परिवहन समितीपुढे विषय घ्या असं त्यात स्पष्ट लिही, समितीवर पालकांचाही माणूस असतो. मुलांच्या घरच्यांना शाळेने बोलवावं, आईने नाही. काही दिवस बसमध्ये एखादे शिक्षक बसावेत अशीही मागणी कर, पोरांना काढून टाका म्हणण्यापेक्षा हे लवकर होतं.

भावाला म्हणावं, 'तू का नाही बोललीस' हे नंतर, आधी विचार तिला किती दिवस चाललंय हे. मला तर वाटतं बरेच महिने झाले असणार, डब्याबद्दल ती घरी काहीच बोलली नसेल. आणि काम सोडायचं की नाही ते तिला ठरवू दे, पण अर्ज जायच्या आधी नको. सही आईचीच घे, आणि पोच घ्यायला विसरू नकोस.