लीजवर महागडी गाडी घेताय? आधी हे लेखी मागा

दलालाने सांगितलेल्या मासिक हप्त्यावर भुलू नका. वर्षाला किती किलोमीटर, त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला किती आकार, मुदतीआधी परत केल्यास दंड किती, हप्त्यात जीएसटी धरलाय का, हे सगळं लेखी घ्या. आठवड्याला पुणे-मुंबई एक फेरी म्हटली तरी वर्षाला १५,००० किलोमीटर होतात, त्यामुळे १०,००० ची मर्यादा शेवटी महागच पडते.

विम्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) दर सरकार ठरवतं, घासाघीस होते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) पाडून स्वस्त केलेला विम्याचा कोट नाकारा. गाडी चोरीला गेली तर भरपाईच कमी मिळते. त्यापेक्षा विमा स्वस्त करायला ऐच्छिक डिडक्टिबल (दाव्यात आपण स्वतः भरायची रक्कम) वाढवा, लीज कंपनी मान्य करत असेल तर. पॉलिसी लीज कंपनीच्या नावे असेल का, हेही आधी विचारा; तशी असेल, तर तुमचा जुना नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) तिथे चालत नाही.

इंजिन संरक्षण हे विम्यातलं जादा कवच मात्र कृपा करून वगळू नका. पावसाळ्यात भुयारी मार्गात गाडी बंद पडली की लोक पुन्हा स्टार्टर मारतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा.