भोपळ्याला फळ धरत नाही, दोष टॉवरचा का?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

या वेळच्या प्रश्नांपैकी तीन एकाच विषयाचे आहेत. एका ताईंनी विचारलंय, बांधाशेजारी मोबाईलचा टॉवर उभा राहिल्यापासून भोपळ्याला फळ धरत नाही, हा लहरींचा परिणाम आहे का? एका दादांच्या मधमाश्यांच्या पेट्या उच्च दाबाच्या तारांखाली आहेत, त्या हलवायच्या का? तिसरा प्रश्न, गाई हौदावर पाणी प्यायला बिचकतात, जवळून लाइन गेली म्हणून असेल का?

ताई, टॉवरला दोष देण्याआधी उद्या सकाळीच वेलीत उतरा. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली पेराएवढं कोवळं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. नुकतीच उमललेली अशी वीस फुलं शोधा. ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातला पिवळा दांडा दहा मादी फुलांच्या मधोमध हलकेच फिरवा आणि देठाला दोरा बांधा. उरलेली दहा माश्यांवर सोडा. आठवड्याने दोऱ्याची फळं फुगली आणि बाकीची पिवळी पडून गळाली, तर वेल चांगली आहे, फुलापर्यंत माशी पोहोचत नाही. दोन्हीकडची गळाली, तर पाणी, अन्नद्रव्यं, उष्णता किंवा रोग यांत कारण शोधायचं. हीच चाचणी टॉवरपासून लांबच्या टोकालाही करा. अंदाजापेक्षा ही चाळीस फुलं जास्त खरं सांगतील.

लहरींनी झाडालाच थेट इजा होते का, हे तपासून पाहिलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्प्रूस आणि बीचच्या रोपांवर साडेतीन वर्षं २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या होत्या. १९९६ साली निष्कर्ष आले, त्यात डोळ्यांना दिसेल अशी इजा नव्हती. अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांशी संपर्कासाठी विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या जंगलांत ७६ हर्ट्झच्या अँटेना बसवल्या, तेव्हा मातीतल्या जीवाणूंपासून गांडुळं, माश्या, पक्षी आणि झाडांपर्यंत वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या गेल्या. जंगलाचं चक्र कुठे मोडलेलं दिसलं नाही. काही जातींची झाडं तर अँटेनाजवळ किंचित जास्त वाढली. म्हणून पानं पिवळी पडली की टॉवरकडे बोट दाखवणाऱ्यांना मी आधी मुळं उकरून बघायला सांगतो.

माशीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मला सगळ्यांचं लक्ष हवं आहे. उडताना माशीच्या अंगावर धन विद्युतभार साठतो, तर फुलाभोवती बहुधा ऋण बाजूचं क्षीण विद्युतक्षेत्र असतं. भुंगमाशीला, म्हणजे बंबलबीला, हे क्षेत्र जाणवतं आणि त्यावरून ती फुलाफुलांत फरक करते, असं ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. २०२२ साली तिथल्याच संशोधकांच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली. फुलावर रासायनिक खताची फवारणी केली की हे क्षेत्र काही मिनिटं बदलतं आणि माशी त्या फुलावर कमी उतरते. म्हणजे माशीचा विद्युत संकेत बिघडवणारी एक गोष्ट आपल्याच पंपात आहे. ताई, फुलोऱ्यात सकाळी विद्राव्य खत फवारत असाल तर ते आजच थांबवा, फुलं मिटल्यावर फवारा. कीटकनाशकालाही हाच नियम. बांधावरचं फुलणारं तणही सरसकट काढू नका, भोपळा फुलात नसतो तेव्हा माशी त्यावरच जगते.

टॉवरने माश्या मरतात ही बातमी २००७ साली जगभर फिरली. तिच्या मुळाशी जर्मनीतल्या लांडाऊचा एक छोटा प्रयोग होता. त्यात कॉर्डलेस फोनचं बेस स्टेशन थेट पोळ्याच्या पेटीत ठेवलं होतं, मोबाईल टॉवरचा त्यात संबंध नव्हता. पेटीत फोन ठेवणं वेगळं आणि शेताकडेला टॉवर असणं वेगळं.

आता पेट्यांचा प्रश्न. दादा, पेट्या हलवाच. १९८१ साली अमेरिकेत ७६५ किलोव्होल्टच्या लाइनखाली ठेवलेल्या पेट्यांचं वजन नीट वाढलं नाही, राण्या गमावल्या आणि माश्यांनी पेटीत जास्त डिंक भरला. अर्थिंग केलेल्या जाळीखालच्या पेट्या मात्र शाबूत राहिल्या. पेटीतल्या ओलीतून वाहणारा सूक्ष्म प्रवाह माश्यांना झटके देत होता. पुढे २०१८ साली साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या मधमाश्या शिकण्यात, उडण्यात आणि अन्न शोधण्यात कमी पडतात असं नोंदवलं. २०२३ साली चिलीतल्या अभ्यासातही वीजवाहिनीच्या मनोऱ्यांजवळ माश्यांच्या फुलांवरच्या फेऱ्या आणि बी धरणं, दोन्ही घटलेली दिसली.

लाइनपासून अंतर दुप्पट केलं की चुंबकीय क्षेत्र साधारण चौथाईवर येतं, त्यामुळे शेताच्या दुसऱ्या टोकाला नेल्यानेही बराच फरक पडतो. पण एकदम शंभर-दोनशे मीटर नेऊ नका, चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततील. एक तर रोज हातभर सरकवा, नाहीतर रात्री दार बंद करून पाच किलोमीटरपलीकडे न्या आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्या जागी आणा. तोवर पेट्या अर्थिंग केलेल्या जाळीने झाका, पेटीचं झाकण कोरडं ठेवा. आणि कळकळीने सांगतो, तारांखाली अॅल्युमिनियमचा लांब पाइप उभा धरू नका. यात माणसं मरतात.

गाईंचं कारण बहुतेक वेगळं निघेल. गाय तोंड पाण्याजवळ नेते, झटक्याने मागे घेते, मग जिभेच्या टोकाने चाटत पिते, असं दिसलं तर हौद आणि जमीन यांच्यामध्ये वीज असल्याचा संशय धरा. हवेतल्या क्षेत्रापेक्षा खराब अर्थिंगमधून हा दाब येण्याची शक्यता जास्त. वायरमनकडून मल्टीमीटरने मोजून घ्या, गाय जिथे उभी राहते तिथली ओली फरशी एका टोकाला आणि हौदाचा नळ दुसऱ्या. मीटरला समांतर ५०० ओहमचा रेझिस्टर लावायला सांगा, गाईच्या अंगाचा रोध साधारण तेवढाच धरतात. १ व्होल्टच्या आसपास आकडा आला तरी गाईला तो जाणवू शकतो. मग मेन स्विच बंद करून पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला तर बिघाड तुमच्या मोटारीत किंवा वायरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर तो बाहेरच्या पुरवठ्यातून येतोय, वीज कंपनीला लेखी कळवा आणि दोन्ही आकडे अर्जात लिहा.